धाकट्या पातीची नऊ वर्षे

एकाच गावात दोन गाद्या नांदू लागल्या म्हणजे काय होते, हे माळव्यातल्या मराठी माणसाला निराळे सांगावे लागत नाही. देवासात पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये शेजारी-शेजारी होती. राजवाडे वेगळे, दरबार वेगळे, मानपान वेगळे. १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाली आणि तो विषय संपला. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत ती अशाच दोन पात्यांची आहे. मात्र त्या राजांच्या नव्हेत, बास्केटबॉल खेळणाऱ्यांच्या आहेत. आणि देवासच्या नव्हेत, अमेरिकेतल्या आहेत.

मराठीच्या मास्तराने बास्केटबॉलवर लेखणी चालवावी याचे कोणास नवल वाटेल. आमची उंची साडेपाच फुटांच्या आतली, आणि चेंडूशी आमचा संबंध वर्गात जप्त करण्यापुरता. परंतु इंदूरला या खेळाचे वेड जुने आहे आणि ते शाळाशाळांतून पसरलेले आहे. आमच्या शाळेच्या पटांगणातही एक खांब, एक फळा आणि एक रिंग आहे. जाळी केव्हाच गेली. मधल्या सुट्टीत मुले त्या रिंगजवळ फिरकतच नाहीत. लांब उभे राहून चेंडू भिरकावतात, दहांतले नऊ बाहेर जातात. जवळ जाऊन टाकावा की, असे आम्ही एकदा सुचवले तेव्हा सातवीतल्या एका चिरंजीवाने आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि म्हणाला, “सर, लांबून टाकला की तीन मिळतात.” हे तीन गुण आले कोठून, याचा मागोवा घेता घेता ही धाकटी पाती आम्हांला गवसली.

अमेरिकेतली थोरली पाती म्हणजे नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन. तिचा जन्म १९४६ चा. आजचे नाव तिने १९४९ मध्ये घेतले. १९६६ पर्यंत तिच्यात अवघे दहा संघ होते. एवढ्या मोठ्या देशाला दहा संघ कसे पुरणार? डेनिस मर्फी नावाचे कॅलिफोर्नियातले एक खटपटी गृहस्थ होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये नव्या संघटनेने जुनीशी टक्कर घेतली आणि १९६६ साली दोघींच्या एकीकरणाचा करार झाला, हे त्यांनी पाहिले होते. तोच डाव बास्केटबॉलमध्ये टाकायचा त्यांनी बेत केला, आणि २ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनची घोषणा झाली. संघ अकरा. लक्षात घ्या, थोरलीला हरवावे हा धाकटीचा हेतूच नव्हता. थोरलीला इतके बेजार करावे की तिने आपणहून घरात घ्यावे, हा हेतू होता. विलीन होण्यासाठीच जन्माला आलेली अशी दुसरी संस्था आमच्या तरी वाचनात नाही.

तिचे पहिले आयुक्त जॉर्ज मायकन. सहा फूट दहा इंच उंचीचा, जाड भिंगांचा चष्मा लावून खेळणारा हा माणूस थोरल्या पातीचा पहिला मोठा नायक होता. दुरून बघणाऱ्याला तपकिरी चेंडू नीट दिसत नाही, असे मायकन यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी तांबडा, पांढरा आणि निळा अशा तीन रंगांचा चेंडू काढला. जुन्या जाणकारांनी नाके मुरडली. हा चेंडू सर्कशीतल्या सील प्राण्याच्या नाकावर शोभेल, असे एका प्रशिक्षकाने म्हटले. पण हवेत फिरताना त्याचे रंग एकमेकांत मिसळत आणि पोरे हरखून जात. पाठ्यपुस्तकाचे मुखपृष्ठ बदलल्याबरोबर वर्गात जो उत्साह येतो, तो आम्ही दर जूनमध्ये पाहत आलो आहोत. मायकन यांना तो समजला होता, एवढे खरे.

दुसरी गोष्ट त्या तीन गुणांच्या रेषेची. तीही धाकटीच्या डोक्यातून निघालेली नव्हे. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स संघाचे संस्थापक एब सॅपरस्टीन यांनी १९६१ मध्ये एक संघटना काढली होती, तिने ही रेषा आखली. ती संघटना १९६२ संपता संपता बुडाली. बुडालेल्या घरातली ही वस्तू धाकटीने उचलली. या खेळात ताडमाड माणसाचे राज्य. तो रिंगखाली उभा राहतो आणि हात वर केला की काम झाले. दूरच्या नेमाला दोनाऐवजी तीन गुण दिल्याबरोबर बेताच्या उंचीच्या नेमबाजाला भाव आला. केंटकी कर्नल्स संघाचा लुई डॅम्पियर सहा फुटांचा. त्या देशात तो ठेंगणाच. त्याने नऊ हंगामांत अशा ७९४ फेकी यशस्वी केल्या. नियम बदलला म्हणजे मागच्या बाकावरचा मुलगा पुढे येतो, तो हा असा.

परंतु कल्पना उदंड आणि गल्ला रिकामा, अशी या पातीची स्थिती होती. दूरचित्रवाणीचा भक्कम राष्ट्रीय करार तिला कधीच लाभला नाही. संघ गावे बदलत, मालक बदलत, नावे बदलत. पहिल्याच हंगामात, १९६८ च्या मार्चमध्ये, न्यू जर्सी अमेरिकन्स आणि केंटकी कर्नल्स यांच्यात बरोबरी सोडवण्यासाठी एक सामना ठरला. न्यू जर्सीच्या सभागृहात सर्कस उतरलेली! म्हणून सामना लाँग आयलंडवरच्या एका सभागृहात नेला, तर तेथील जमिनीच्या फळ्या सुटलेल्या आणि वर ओल आलेली. तेथे खेळणेच अशक्य ठरले आणि केंटकीला सामना बहाल झाला. मार्व्हिन बार्न्स नावाच्या खेळाडूची एक गोष्ट अमेरिकेत अजून चवीने सांगतात. लुइव्हिलहून सेंट लुइसला जाणारे विमान, दोन्ही गावांच्या घड्याळांत एका तासाचा फरक असल्यामुळे, तिकिटावर निघण्याच्या वेळेआधीच पोहोचलेले दिसत होते. बार्न्सने ते वाचले, काळाच्या उलट जाणाऱ्या यंत्रात आपण बसणार नाही असे बजावले, आणि भाड्याची मोटार करून निघून गेला.

अशा गोष्टींमुळे ही पाती विनोदाचा विषय होऊन बसली. आम्हांला मात्र तिचे मोठेपण दुसरीकडेच दिसते. थोरलीने ज्यांच्या तोंडावर दार लावले, त्यांना हिने आत घेतले.

कॉनी हॉकिन्स आणि रॉजर ब्राउन हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले दोन गरीब कृष्णवर्णीय मुलगे. १९६१ साली महाविद्यालयीन खेळात पैसे घेऊन गुण कमी-जास्त करण्याचे एक मोठे प्रकरण उघडकीस आले. त्यातल्या एका मुख्य माणसाशी या दोघांची ओळख होती. तेवढ्यावरून दोघांची नावे घेतली गेली. कोणावरही खटला झाला नाही, आरोप सिद्ध होण्याचा तर प्रश्नच नव्हता. तरी विद्यालयांनी त्यांना काढले आणि थोरल्या पातीने कायमची बंदी घातली. एकोणीस-वीस वर्षांचे वय! ब्राउन ओहायोतल्या डेटन शहरी मोटारींच्या कारखान्यात काम करू लागला. सहा वर्षे अशी गेली. १९६७ मध्ये इंडियाना पेसर्स संघ निघाला, तेव्हा त्यांनी करारबद्ध केलेला पहिला खेळाडू हाच ब्राउन. त्याच्या संघाने १९७०, १९७२ आणि १९७३ अशी तीन अजिंक्यपदे मिळवली. पुढे तो इंडियानापोलिसच्या नगरपरिषदेवर निवडूनही गेला. हॉकिन्सने पिट्सबर्ग पायपर्सला १९६८ चे पहिले अजिंक्यपद मिळवून दिले आणि इकडे थोरल्या पातीवर दावा लावला. १९६९ मध्ये थोरलीने तडजोड करून त्याला आत घेतले. १९९२ साली त्याचे नाव खेळाच्या कीर्तिमंदिरात लागले. ब्राउनचे लागले २०१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. शाळेतून कोणाचे नाव कमी करण्याच्या कागदावर सही करण्याची वेळ आमच्यावरही येते. ती सही करताना हे दोघे अलीकडे आम्हांला आठवतात.

दुसरे दार वयाचे. महाविद्यालयाची चार वर्षे उलटल्याखेरीज थोरली कोणास घेत नसे. डेन्व्हर रॉकेट्सने १९६९ मध्ये स्पेन्सर हेवूड या तरुणाला त्याआधीच घेतले. मिसिसिपीतल्या शेतमजूर घरातला हा मुलगा. घर चालवण्यासाठी ज्याला आजच कमावणे भाग आहे त्याला थांबवायचे का, असा प्रश्न उभा राहिला. पुढे तो थोरलीच्या सिएटल संघात गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९७१ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. १९७४ साली युटा स्टार्सने तर मोझेस मलोन या मुलाला थेट शाळेतूनच उचलले. आता शिक्षक म्हणून विचाराल तर पोराने पदवी घ्यावी असेच आम्ही म्हणणार. पण ज्यांच्या घरी दोन वेळची चूल नियमाने पेटत होती, त्यांनीच हा चार वर्षांचा नियम केला होता, हेही आमच्या ध्यानात येते.

दोन धनी झाले की गड्याची मजुरी वाढते. दोन्ही पात्या एकाच खेळाडूसाठी बोली लावू लागल्या आणि पगार भराभर चढले. मालक घाबरले. १९७० मध्येच एकीकरणाची बोलणी सुरू झाली होती. पण थोरल्या पातीच्या खेळाडूंनीच ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने न्यायालयात दावा घातला. दोन दुकाने एक झाली की भाव मालक ठरवतील, हे त्यांनी ओळखले होते. हा दावा १९७६ पर्यंत चालला, आणि तोवर धाकटीला आपल्या बळावर तग धरावा लागला. १९७१ ते १९७५ या काळात दोन्हीकडचे संघ हंगामापूर्वी मैत्रीचे सामने खेळत. त्यांत धाकटीने ७९ जिंकले, थोरलीने ७६. पैसा थोरलीकडे होता. खेळात धाकटी रेसभरही मागे नव्हती.

शेवटचा हंगाम १९७५-७६ चा. एकेक संघ गळत सातवर आले. निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी दोन बाजू बनवणेही जड झाले, तेव्हा डेन्व्हरचा संघ एका बाजूस आणि उरलेल्या सर्वांतले निवडक दुसऱ्या बाजूस, असा तोडगा काढला. तारीख २७ जानेवारी १९७६, गाव डेन्व्हर. मध्यंतरात लोकांनी खुर्च्या सोडू नयेत म्हणून एक नवी स्पर्धा ठेवली. उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायचा. खेळाडू त्याला ‘डंक’ म्हणतात. ‘डॉक्टर जे’ या टोपणनावाने ओळखला जाणारा ज्युलियस अर्व्हिंग मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून धावत आला, फळ्यापासून पंधरा फुटांवर असलेल्या फ्री थ्रो रेषेजवळून त्याने जमीन सोडली, आणि तो रिंगपर्यंत हवेतूनच गेला. या उडीचे चित्रण सुदैवाने उपलब्ध आहे. आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांनी ते आम्हांला दाखवले आणि आम्ही ते पुन्हा मागून पाहिले.

१३ मे रोजी न्यूयॉर्क नेट्सने डेन्व्हरला हरवून शेवटचे अजिंक्यपद घेतले, आणि १७ जून १९७६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिस येथे सौदा झाला. डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क नेट्स आणि सॅन अँटोनियो हे चार संघ थोरलीने घेतले. प्रत्येकाने प्रवेशासाठी ३२ लाख डॉलर मोजायचे. नेट्सवर आणखी एक बोजा पडला. ज्या न्यूयॉर्कमध्ये थोरलीचा निक्स संघ होता, त्याच मुलखात आपण येतो म्हणून निक्सला ४८ लाख डॉलर वेगळे द्यायचे. पैसे आणावे कोठून? त्यांनी अर्व्हिंगलाच ३० लाखांना फिलाडेल्फियाला विकले. ज्याच्या जोरावर दरवाजा उघडला, तोच उंबरठ्यावर विकावा लागला. इंडियानाचीही परवड झाली. पुढच्याच वर्षी, १९७७ च्या जुलैत, संघ टिकवण्यासाठी हंगामाची ८,००० तिकिटे खपवणे भाग पडले, तेव्हा प्रशिक्षक आणि त्यांच्या पत्नीने दूरचित्रवाणीवरून सोळा तासांहून अधिक वेळ लोकांपुढे पदर पसरला. तिकिटे खपली ८,०२८.

व्हर्जिनियाचा संघ सौद्याच्या महिनाभर आधीच बुडाला होता; त्याला काही मिळाले नाही. केंटकीच्या मालकाने सुमारे ३० लाख डॉलर घेऊन दुकान बंद केले. सेंट लुइस संघाचे मालक, सिल्ना बंधू, मात्र जातीचे व्यापारी. त्यांनी २२ लाख रोख घेतले आणि वर एक कलम घालून घेतले. आत गेलेल्या चारही संघांना दूरचित्रवाणीपासून जे मिळेल, त्यातला सातवा हिस्सा आपल्याला, आणि तोही कायमचा. त्या काळी दूरचित्रवाणीचे उत्पन्न ते किती! मालकांनी हसत सह्या केल्या असतील. १९८० नंतर ते उत्पन्न असे वाढले की २०१४ पर्यंत सिल्ना बंधूंना सुमारे ३० कोटी डॉलर पोहोचले होते, आणि त्या वर्षी बहुतांश हक्क सोडवून घेण्यासाठी आणखी ५० कोटी द्यावे लागले. संघ नाही, खेळाडू नाहीत, मैदान नाही, आणि तरी अडतीस वर्षे वाटा चालू. हे आम्ही घरी वाचून दाखवले तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे लग्न मोडले, पण मानपान कायमचे लागले!” इतके नेमके वर्णन आम्हांला सुचले नसते.

आता या सौद्यात थोरलीला काय मिळाले ते पाहा. १९७६-७७ च्या पहिल्याच हंगामात तिच्या २४ निवडक खेळाडूंपैकी १० धाकटीतून आलेले होते. तीन गुणांची रेषा तिने आधी तिरस्काराने नाकारली आणि १९७९ मध्ये मुकाट्याने आखली. त्या पहिल्या हंगामात एक संघ सामन्याला सरासरी तीनही फेकी रेषेबाहेरून करत नसे. अलीकडे हा आकडा पस्तिसाच्या वर गेला आहे. डंकची स्पर्धा तिने १९८४ मध्ये सुरू केली, तीही डेन्व्हरलाच. सॅन अँटोनियोने १९९९ ते २०१४ या काळात पाच अजिंक्यपदे मिळवली, डेन्व्हरने २०२३ मध्ये एक. आधी संघ आत आले, मग रेषा आली, मग उडी आली. माणसांच्या वर्षांची आठवण मात्र सर्वांत शेवटी झाली.

धाकटीत मिळवलेले गुण थोरल्या पातीच्या अधिकृत वहीत धरले जात नाहीत. अर्व्हिंगने एकंदर ३०,०२६ गुण मिळवले. थोरलीच्या वहीत त्याच्या नावावर १८,३६४ आहेत. उरलेले ११,६६२ त्याने हवेत मिळवले काय? अर्व्हिंगचे नाव मोठे, त्याचे काही बिघडले नाही. परंतु ज्यांची उमेदीची बहुतेक वर्षे धाकटीत गेली आणि जे पुढे आत पोहोचले नाहीत, त्यांना थोरलीच्या निवृत्तिवेतनात जागाच नव्हती.

येथे आमच्या वहीतले एक पान उघडणे भाग आहे. आमच्याच आवारात एक लहान शाळा होती. पट चाळिशीच्या आत आला आणि दोन वर्षांपूर्वी ती आमच्या शाळेत विलीन झाली. त्या शाळेची दोन लोखंडी कपाटे, एक पितळी घंटा, सत्तावीस बाके आणि जुनी दाखल-खारिज रजिस्टरे आमच्या ताब्यात आली. कपाटांची, घंटेची आणि बाकांची नोंद त्याच दिवशी आमच्या स्टॉक रजिस्टरात झाली, क्रमांकानिशी. त्या शाळेबरोबर गणिताच्या एक बाईही आल्या. तेथे त्यांनी तेरा वर्षे शिकवले होते. दर वर्षी नवा हुकूम, दर उन्हाळ्यात खंड. कायम नोकरी नाही म्हणून सेवापुस्तिका नाही, आणि सेवापुस्तिका नाही म्हणून ती तेरा वर्षे कोठेच नाहीत. विलीनीकरणाच्या दिवशी त्या आमच्या हजेरीपटावर ‘नव्याने रुजू’ म्हणून लागल्या. “सर, मागची वर्षे कुठे लिहायची?” असे त्यांनी विचारले. आम्ही वरती तीन पत्रे धाडली आहेत. उत्तर आलेले नाही. ज्या मुलांना त्यांनी पाढे शिकवले ती आता बारावीत आहेत, म्हणजे ती वर्षे झाली हे नक्की.

अमेरिकेत ही गोष्ट आपणहून घडली नाही. धाकट्या पातीतले कित्येक खेळाडू म्हातारपणी औषधपाण्यालाही महाग झाले होते. २०१४ मध्ये इंडियानापोलिस येथे त्यांच्यासाठी एक धर्मादाय संस्था निघाली. कोणाला दातांची कवळी, कोणाला घरभाडे, कोणाला नवा सूट, अशी मदत ती देत गेली आणि त्याच वेळी थोरल्या पातीकडे अर्जविनंत्या करत राहिली. जुलै २०२२ मध्ये थोरली पाती आणि तिच्या खेळाडूंची संघटना यांनी मिळून सुमारे २ कोटी ४५ लाख डॉलर बाजूला काढले. तीन किंवा अधिक हंगाम खेळलेल्या, हयात असलेल्या सुमारे ११५ जणांना त्याचा लाभ व्हायचा होता. खेळलेल्या दर वर्षामागे सरासरी ३,८२८ डॉलर, आणि ते दर साल. सौद्याला तेव्हा शेहेचाळीस वर्षे उलटून गेली होती. रॉजर ब्राउन १९९७ मध्ये गेला, मार्व्हिन बार्न्स २०१४ मध्ये, हॉकिन्स २०१७ मध्ये.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी आम्ही तो त्या बाईंना वाचावयास दिला. आपल्याविषयी चार ओळी छापल्या जाणार, तर त्यांची संमती हवी. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद परत आणून दिले. हरकत नव्हती. फक्त ३,८२८ या आकड्याशेजारी समासात त्यांनी पेन्सिलीने तेराचा गुणाकार मांडला होता, आणि ४९,७६४ या उत्तराखाली, गणिताचे शिक्षक ओढतात तशा, दोन रेघा ओढल्या होत्या.